मोरीच्या पाण्यावरचा औषधी वाफा

मृगाचा पाऊस पडला की गावोगावी औषधी रोपांचे वाटप होते. एकेका घराला अडुळसा, शतावरी, गुळवेल, कोरफड, गवती चहा अशी दहा-बारा रोपे दिली जातात, वहीवर सही अथवा अंगठा घेतला जातो आणि काम पुरे झाले असे समजले जाते. पुढील चैत्रात त्याच घरांच्या परसात डोकावले, तर तुळस तेवढी वृंदावनात टवटवीत दिसते. ती तर वाटपापूर्वीही होती. बाकीच्या रोपांच्या जागी काटक्या उरलेल्या असतात. मग शेतकऱ्याला आस्था नाही, असा शेरा मारून कार्यकर्ता मोकळा होतो. हा शेरा अन्यायाचा आहे. रोप हाती देताना, वैशाखात त्याला पाणी कोण घालणार आणि ते कोठून आणणार, एवढे साधे विचारलेले नसते.

पाणी घालणारी व्यक्ती बहुतेक घरांत गृहिणी असते. जिला पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते, ती शतावरीच्या रोपासाठी वेगळी घागर आणणार नाही, आणि आणूही नये. परंतु जे पाणी एकदा घरात आले ते वापरानंतर कोठे जाते, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरास हा हिशेब २७५ लिटरांचा होतो. प्रत्यक्षात अनेक गावांत याहून कमी पाणी मिळते. तरीही जे मिळते त्याचा मोठा भाग मोरीतून वाहून घरामागे चिखल करतो व डासांना आश्रय देतो. यास्तव औषधी वाफ्याची जागा व आकार मोरीने ठरवावा. सहा हात लांब व चार हात रुंद एवढा वाफा बहुतेक कुटुंबांस पुरेसा आहे. त्यात बसतील तेवढीच झाडे लावावीत. पाच झाडे जगली व वापरात आली, तर ती वहीतील बारा रोपांपेक्षा अधिक मोलाची.

मात्र मोरीचे सर्व पाणी सारखे नव्हे. पूर्वी भांडी राखेने घासली जात. आता घरोघरी साबण व धुण्याची पूड आली आहे. सोड्याचे पाणी वाफ्यात नित्य मुरत गेले, तर माती घट्ट होते, वर पांढरट थर येतो आणि रोपांची पाने करपतात. म्हणून तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी थेट वाफ्यात द्यावे. आंघोळीचे पाणी खडी व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे. कपडे धुतलेले पाणी कर्दळ व केळीकडे वळवावे. पुदिना व कोथिंबीर यांची पाने कच्ची खाल्ली जातात. त्यांवर मोरीचे कोणतेच पाणी पडू देऊ नये. ती दोन्ही एखाद्या फुटक्या माठात अथवा डब्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी, चांगल्या पाण्यावर वाढवावीत. आणखी एक गोष्ट कापूस व भाजीपाला पिकविणाऱ्या भागांत आवर्जून सांगितली पाहिजे. फवारणीचा पंप घरच्या मोरीवर धुण्याची रीत अजून गेलेली नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, तरीही नाही. ज्या मोरीवर पंप धुतला जातो, तिच्या पाण्यावर खाण्याची वा औषधाची एकही वनस्पती लावू नये.

झाडांच्या निवडीत फार पांडित्य करण्याचे कारण नाही. मोरीच्या तोंडाशी गवती चहा लावावा. त्याचे ठोंब कोठेही मिळतात, ते ओल सोसतात व मातीही धरून ठेवतात. वीतभर बुडखा ठेवून पाने कापली की पुन्हा फूट येते. आले व हळद यांना ओल हवी, परंतु साचलेले पाणी मुळीच चालत नाही, कंद कुजतात. ती वाफ्याच्या उंच कडेला, गादी करून, पावसापूर्वी लावावीत. हळद आठ-नऊ महिन्यांत काढणीस येते. पाच किलो ओल्या हळदीपासून साधारण एक किलो सुकी हळद मिळते, आणि कोकणात नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी तिची पाने लागतात ती वेगळीच. कढीपत्त्याचे बी वाळले की त्याची उगवण झपाट्याने कमी होते. म्हणून पिकलेली काळी फळे चोळून त्याच दिवशी पेरावीत, किंवा जुन्या झाडाच्या मुळांवर आलेले फुटवे खणून लावावेत. लिंबावर येणारी फुलपाखराची अळी यावरही येते. ती हाताने वेचावी. घरच्या कढीपत्त्याचा लाभच हा, की त्यावर केव्हा काय फवारले असेल याची चिंता करावी लागत नाही.

पानांचा ओवा हा मसाल्याच्या ओव्याहून अगदी निराळा आहे. केवळ वास सारखा म्हणून नाव मिळाले. त्याची फांदी खोचली की लागते. सर्दी-पडशात पाने उकळून घेतात, आणि एरवी त्यांची भजी उत्तम होतात. ज्या वनस्पतीचा स्वयंपाकात उपयोग आहे ती परसात टिकते, हा अनुभव येथे ध्यानात घ्यावा. केवळ आजारपणासाठी राखलेले झाड विसरले जाते. याला अपवाद अडुळशाचा. त्याला शेळ्या तोंड लावीत नाहीत, त्यामुळे तो कुंपण म्हणून आपोआप जगतो.

अडुळशाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे. त्याच्या पानांतील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध निर्माण झाले. तेव्हा आजीबाईच्या काढ्याला आधार नाही, असे कोणी म्हणू नये. परंतु हेच द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकते, म्हणून गरोदर स्त्रीला अडुळसा देऊ नये. दुसरा धोका याहून मोठा आहे. घरी औषध आहे म्हणून खोकला अंगावर काढला जातो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यास काढा पुरेसा नाही; क्षयासाठी थुंकीची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते, ती करवून घेतलीच पाहिजे. जो कार्यकर्ता अडुळशाचे रोप देतो, त्याने हे वाक्य रोपाबरोबर दिले नाही, तर त्याने रोप न दिलेले बरे. बाळगुटीविषयीही हेच म्हणावे लागते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून काही देऊ नये, हा वैद्यकीय सल्ला आहे. वेखंड परसात वाढते एवढ्याने तो बदलत नाही. सर्पदंशावर तर परसातील कोणतीही मुळी शोधीत बसू नये; गाडी शोधावी.

गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. २०२० च्या साथीत घरोघर तिचा काढा घेतला गेला. २०२१ साली मुंबईतील यकृतविकार-तज्ज्ञांनी, गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की ती वेल खरोखर गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी, खोडावर पुळ्यांसारखे उंचवटे असणारी दुसरी जात आहे. पुढे २०२२ साली अनेक रुग्णालयांच्या एकत्र पाहणीतही असे रुग्ण आढळले. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. गावात मात्र यातून दोन नियम निघतात. झाड ओळखल्यावाचून घेऊ नये, आणि ओळखीचे झाड असले तरी वैद्याच्या सल्ल्यावाचून त्याचा काढा आठवडेच्या आठवडे पिऊ नये. कण्हेर व पिवळी कण्हेर ही विषारी झाडे फुलांसाठी परसात असतात. लहान मुले असलेल्या घरी ती वाफ्याशेजारी तरी नसावीत.

औषधी वनस्पती विकून श्रीमंत होण्याच्या गोष्टीही या वाटपाबरोबर सांगितल्या जातात. २००० नंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळीचे बियाणे चढ्या भावाने घेतलेल्यांना त्या ठाऊक आहेत. परसातील वाफा बाजारासाठी नाही.

रोपवाटिकेतून गाडी भरून रोपे आणण्याची तर गरजच पडू नये. बहुतेक गावांत चांगला कढीपत्ता कोणाच्या दारी आहे, अडुळसा कोणाच्या कुंपणाला आहे, हे दोन-चार वृद्ध स्त्रियांना नेमके माहीत असते. कार्यकर्त्याने चैत्र-वैशाखात त्यांच्याबरोबर गावातून एक फेरी मारावी. जे झाड त्या कडक दिवसांत हिरवे आहे तेच त्या गावच्या पाण्यावर जगणारे, हे तेव्हाच कळते. त्यांची नावे, जागा व उपयोग वहीत उतरून घ्यावेत, शंकास्पद झाडाची फांदी कृषी विज्ञान केंद्रात नेऊन खात्री करावी, आणि मृग लागताच त्याच झाडांच्या फांद्या, फुटवे व ठोंब ज्या घराची मोरी पाहून ठेवली आहे त्या घरी द्यावेत.