ओघळलेल्या गालांवर फिलर नको

"ऑपरेशन नको, इंजेक्शनांत काय ते करून द्या," असं म्हणत पन्नाशी-साठीच्या बायका त्वचेच्या दवाखान्यात जातात. हल्ली पुरुषही जातात. तक्रार असते हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबू लागलेल्या गालांची, आणि त्यावर अनेकींना फिलर टोचलं जातं. माझा आक्षेप नेमका याला आहे.

चेहरा एकाच कारणाने म्हातारा होत नाही. त्वचेतलं कोलॅजन घटतं. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर सुमारे ३० टक्के. त्याखालची चरबी कुठे विरते, कुठे खाली सरकते. तिला जागेवर धरणारे बंध सैलावतात. अगदी तळाशी हाडही झिजतं: डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, वरचा जबडा मागे हटतो. बिघाड कोणत्या थरात आहे हे पाहिल्याशिवाय उपाय सुचवणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नये.

भुवयांमधली आठी स्नायूंमुळे पडते, म्हणून तिथे बोटॉक्स चालतं. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स पापण्या सतत मिटण्याच्या विकारावर हे औषध देत होत्या. १९८७ च्या सुमारास रुग्णांच्या आठ्याही पुसल्या जात असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून पुढचं काम केलं. अमेरिकेत आठ्यांसाठी बोटॉक्सला २००२ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. समारंभासाठी घ्यायचंच असेल तर महिनाभर आधी घ्यावं, म्हणजे एखादी पापणी जड झालीच तर डॉक्टरांना दाखवायला वेळ हाताशी राहतो.

फिलर म्हणजे बहुधा हायल्युरॉनिक आम्लाची जेल. बसलेल्या गालांसाठी, खोल गेलेल्या कानशिलांसाठी ती चांगली. पण ओघळलेली कातडी ती वर उचलत नाही, फक्त भरते. उचलल्याचा भास व्हावा म्हणून दर वर्षी आणखी भरत गेलं की चेहरा सुजल्यासारखा, ओळखू न येणारा होतो. एवढा पैसा ओतूनही मूळ तक्रार तिथेच राहते, याचं मला फार वाईट वाटतं. विरघळणाऱ्या धाग्यांनी गाल ओढून धरतात, तोही परिणाम अल्पजीवी.

ओघळ खरोखर उचलते ती शस्त्रक्रिया. तिची भीती जुन्या, ताणलेल्या चेहऱ्यांमुळे बसली आहे; त्या काळी नुसती कातडी ओढत. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी कातडीखालच्या स्नायू-पटलाच्या थराचं वर्णन केलं आणि सगळं बदललं. आता तो थर वर घेऊन बांधतात, कातडी ताण न देता शिवतात. छेद कानाच्या पुढून मागे जातो, केसांत लपतो. सूज आणि काळे-निळे डाग दोन-तीन आठवडे राहतात. परिणाम मात्र वर्षानुवर्षं टिकतो. धोके आहेतच. कातडीखाली रक्त साकळणं हा सर्वांत नेहमीचा, म्हणून रक्तदाब आटोक्यात हवा. तंबाखू ओढणाऱ्यांची कानामागची कातडी मरू शकते. चेहऱ्याच्या नसेला इजा क्वचित होते, आणि ती बहुतेक वेळा तात्पुरती असते. नुसत्या वरच्या पापण्या लोंबत असतील तर याहून कितीतरी लहान शस्त्रक्रिया पुरते. ती फक्त तेवढ्या जागेला भूल देऊन होते.

पण डाग, खडबडीतपणा, बारीक सुरकुत्या शस्त्रक्रियेने जात नाहीत. तिथे ट्रेटिनॉइन मलम, पील, लेसर. आपल्या सावळ्या कातडीवर लेसर जपून वापरायला हवा, नाहीतर जुना डाग जाऊन नवे काळे डाग उमटतात. सर्वांत स्वस्त उपाय सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत, ते रोज लावायला सांगितलेल्या गटात त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी आढळलं. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं मालवाहू ट्रक चालवलेल्या अमेरिकी माणसाचं छायाचित्र आलं होतं: खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्यामानाने तरुण. काचेतून येणारे अतिनील किरणही कातडी खातात.

आता करणाऱ्याबद्दल. शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी पाहावी, ब्यूटी पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नये. फिलर चुकून धमनीत गेलं तर कातडी काळी पडते, क्वचित दृष्टीही जाते. त्यावर हायल्युरोनिडेज हे विरघळवणारं औषध ताबडतोब द्यावं लागतं. ते आत्ता दवाखान्यात आहे का, असं सुई लागण्याआधी विचारावं, आणि उत्तरात टाळाटाळ झाली तर खुर्चीवरून उठून सरळ घरी यावं.