लेबलावरील एक शब्द आणि जर्मनीचा कायदा

आपल्या व्यवसायबंधूंमध्ये जर्मनीविषयी मोठे आकर्षण दिसते. तेथे आयुर्वेदाचे चाहते आहेत, केंद्रे आहेत, आणि दोन-चार खोकी माल पाठविण्याची मागणीही अधूनमधून येत असते. या उत्साहावर पाणी टाकण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. मात्र तेथील कायदा ज्या दाराने येतो ते दार आपल्या ओळखीचे नाही, एवढे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते.

अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना आहे आणि पाठ भैषज्यरत्नावलीतील आहे, म्हणजे माल निर्वेध झाला, अशी आपली समजूत असते. जर्मनीत या दोन्ही गोष्टींनी विक्रीचा अधिकार मिळत नाही. तेथील १९७६ च्या औषधी कायद्यानुसार वस्तू दोन कारणांनी औषध ठरते : ती शरीरावर औषधासारखे कार्य करते म्हणून, किंवा ती औषध म्हणून लोकांपुढे मांडली जाते म्हणून. आपल्याला भोवते ते दुसरे कारण. हरिद्रेची साधी गोळी घ्या. वेष्टनावर 'संधिवातावर गुणकारी' असे छापले की ती औषध झाली. औषध झाली की मान्यता किंवा नोंदणी हवी. आणि तिच्यावाचून विक्री केल्यास दंड अथवा एक वर्षापर्यंत कैद अशी तरतूद आहे.

२००४ च्या युरोपीय निर्देशाने पारंपरिक वनौषधींसाठी नोंदणीचा सुलभ मार्ग उघडला, असे आपल्याकडे आनंदाने सांगितले गेले. परंतु त्याची अट पाहावी : तीस वर्षांचा वापर, आणि त्यांपैकी सामान्यतः पंधरा वर्षे युरोपीय संघातच. तेथे चरकाचार्यांची साक्ष पुरत नाही. रसौषधींना तर त्या मार्गात स्थानच नाही.

राहता राहिला अन्नपूरकाचा मार्ग. त्याला न्यायालयाचा थोडा आधार आहे. लसणाच्या सत्त्वाच्या कॅप्सूल जर्मनीने औषध ठरवून अडविल्या होत्या. केवळ कॅप्सूलच्या रूपात आहे म्हणून वस्तू औषध होत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २००७ मध्ये दिला. पण अन्न म्हटले की अन्नाचे नियम आले. रोग बरा करण्याचा दावा सर्वथा वर्ज्य. १५ मे १९९७ पूर्वी युरोपीय संघात लक्षणीय प्रमाणात न खाल्ली गेलेली वनस्पती 'नवे अन्न' ठरते आणि तिला पूर्वपरवानगी लागते. अन्नपूरकात शिसे किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत चालते, आपल्याकडील वनौषधींची मर्यादा १० आहे. पाऱ्याची तेथे ०.१, आपल्याकडे १. म्हणजे ६ मिलिग्रॅम शिशाचा अहवाल येथे उत्तीर्ण आणि तेथे अनुत्तीर्ण. (कॅडमियमच्या बाबतीत आपली मर्यादाच अधिक कडक आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.)

आता त्या अनोळखी दाराविषयी. आपल्याकडे कायदा म्हणजे निरीक्षक. जर्मनीत पहिले पत्र पुष्कळदा प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याच्या किंवा एखाद्या संघटनेच्या वकिलाकडून येते. त्यास 'आबमानुंग' म्हणतात आणि त्याचा आधार अनुचित स्पर्धेविरुद्धचा कायदा असतो. मुदत थोड्या दिवसांची. सोबत हमीपत्र : हा दावा पुन्हा करणार नाही, केल्यास दर वेळी ठरावीक रक्कम भरीन, शिवाय वकिलाचा खर्च. माझ्या परिचयाच्या एका रसशाळेने असे पत्र किरकोळ समजून फाइलला लावले. पुढे न्यायालयाची अंतरिम मनाई आली आणि वितरकाने सर्व माल परत केला. घाबरून लगेच सही करणे हेही तितकेच घातक, कारण ते हमीपत्र वर्षानुवर्षे बंधनकारक राहते आणि जुने माहितीपत्रक कोठे शिल्लक राहिले तरी रक्कम मागितली जाऊ शकते. मुदतीच्या आत तेथील वकिलाकडून मसुदा दुरुस्त करून घेणे, एवढाच शहाणपणाचा उपाय मला दिसतो. तो खर्च किमतीत आधीच धरावा.

वेष्टनाची नोंदणी ही किरकोळ बाब वाटते. पण २०१९ च्या वेष्टन कायद्याने तीत किमान प्रमाणाची सवलत ठेवली नाही आणि दंडाची मर्यादा दोन लाख युरोपर्यंत नेली.

वैद्यमंडळींसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जर्मनीत वैद्यकीय परवाना किंवा १९३९ च्या कायद्याखालील 'हाइलप्राक्टिकर' ही अनुज्ञा नसताना रोगनिदान व चिकित्सा करणे हा गुन्हा आहे. बी.ए.एम.एस. पदवीने ती अनुज्ञा मिळत नाही. तेथील यजमान 'कार्यशाळा' म्हणून बोलावतात आणि दुपारनंतर शुल्क घेऊन नाडीपरीक्षा मांडतात. व्याख्यान देणे, आहारविधी शिकविणे निराळे. समोरच्या रुग्णाची नाडी पाहून औषध सांगणे निराळे. 'येथे सगळेच असे करतात' हे यजमानाचे आश्वासन न्यायालयात उपयोगी पडणार नाही, आणि उभे राहावे लागेल ते वैद्याला, यजमानाला नव्हे.

आपल्या संघटनेने निर्यातीवर अनेक परिसंवाद घेतले. त्यांत बाजारपेठेचे आकडे ऐकले, परंतु जर्मन लेबलावर कोणते शब्द चालतात याची यादी कोणी दिली नाही. तेथील वकिलाकडून ती एकदा तपासून घेऊन सर्व सभासदांस द्यावी व खर्च वर्गणीतून विभागावा, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. ज्यांचा माल सध्या जर्मनीस जातो, त्यांनी आपापली लेबले सोबत आणावीत.