छायाचित्राची चतुःसीमा

आमच्या सभासदांपैकीं कित्येकांच्या घरीं हल्लीं चांगला कॅमेरा आलेला आहे. डाळिंबावरील तेल्या, द्राक्षाच्या पानावरील करपा, खचलेला बांध, विहिरीची पडझड यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवण्याचा प्रघात त्यामुळें पडत आहे, ही गोष्ट इष्टच होय. परंतु वर्षभरानें तींच छायाचित्रें काढून बसावें, तों हा बांध कोणत्या गटांतला याविषयीं घरांतल्या घरांत मतभेद! आमचीं उमेदीचीं वर्षें महसुली दप्तरांत गेलीं. चतुःसीमेवांचून कागद पाहिला कीं तो बाजूस ठेवण्याची हाताला संवय. छायाचित्राची चतुःसीमा म्हणजे त्याच्या पोटांत नोंदलेले अक्षांश व रेखांश. ते नोंदण्याकरितां कोणतें जीपीएस यंत्र घ्यावें, असें आम्हांस अनेकजण विचारतात.

याचा खरा उपयोग जमिनीखालच्या कामांत आहे, असें आमचें मत आहे. विहिरीपासून दूरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन गाडतांना, चर बुजविण्यापूर्वीं, प्रत्येक वळणाचें, सांध्याचें व व्हॉल्व्हचें छायाचित्र त्या त्या जागीं उभें राहून घेतलें, तर चार वर्षांनीं गळती लागल्यावर उभ्या उसांत जागोजाग खोदावें लागत नाहीं. एक चुकलेला खड्डा म्हणजे दिवसाची मजुरी फुकट, मोडलेलें पीक वेगळेंच. जागीं उभें राहून असें आम्ही म्हणतों याचें कारण, यंत्र नोंदतें तें कॅमेरा जेथें आहे तें ठिकाण. समोर दिसणाऱ्या वस्तूचें नव्हे.

आतां चूक किती? मोकळ्या आकाशाखालीं साधा मोबाईल सुमारें ५ मीटरच्या आंत ठिकाण दाखवितो. आमच्याकडील साखळी ३३ फुटांची, म्हणजे सुमारें १० मीटर. तेव्हां चूक अर्ध्या साखळीची झाली. गर्द आंब्याखालीं किंवा उंच उसांत ती वाढते. (मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार हे संकेत बुद्धिपुरःसर बिघडवून देत असे, त्या मानानें हें पुष्कळच बरें.) सांधा शोधण्यास एवढें पुरतें. परंतु शेजाऱ्याशीं असलेला हद्दीचा तंटा याच्या बळावर मिटवूं पाहणाऱ्यांनीं आधीं भूमि अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा. अर्धी साखळी हातांत घेऊन तंट्यांत पडूं नये.

ज्यास वर्षांतून दहा-वीसच छायाचित्रें घ्यावयाचीं, त्यानें कांहींच विकत घेऊं नये. कॅमेऱ्यानें एक घ्यावें व त्याच जागीं, ठिकाणाची नोंद चालू ठेवून, मोबाईलनें दुसरें घ्यावें. ज्यांचें काम मोठें, त्यांच्यापुढें कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसणारीं यंत्रें येतात. तीं एका कंपनीचीं दुसरीच्या कॅमेऱ्यास चालत नाहींत. निकॉनचें जीपी-१ए तर कॅमेऱ्याच्याच बॅटरींतून वीज घेतें. कॅमेरा बदलला कीं तो पैसा गेला. ब्लूटूथनें मोबाईलकडून ठिकाण घेणारे कॅमेरेही आहेत. परंतु खिशांतला मोबाईल वीज वांचविण्यासाठीं तें ॲप मध्येंच बंद पाडतो, आणि हें घरीं आल्यावर कळतें.

आमची पसंती स्वतंत्र, वाट नोंदणाऱ्या यंत्रास आहे. तें कोणत्याही कॅमेऱ्यासोबत चालतें. त्यांतही ज्यास स्वतःचा पडदा आहे व जें पेन्सिल सेलवर चालतें तें घ्यावें. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेंतील कांहीं यंत्रें अशीं आहेत. पडद्यावर चुकीचा अंदाज मीटरमध्यें दिसतो, तो न दाखविणारें यंत्र स्वस्त मिळालें तरी आम्ही घेणार नाहीं. चालू केल्यावर लगेच निघूं मात्र नये. प्रत्येक उपग्रहाची कक्षेविषयींची माहिती दर ३० सेकंदांस एकदां येते. ती पुरी पोंचेपर्यंत उघड्यावर दोन-चार मिनिटें थांबावें.

यंत्रांतील वाट व कॅमेऱ्यांतील छायाचित्रें यांची सांगड पुढें संगणकावर केवळ वेळेवरून घातली जाते. डिजिकॅम हें त्याकरितां फुकट मिळतें. सारी मदार घड्याळावर. चालणारा मनुष्य मिनिटांत ७०-८० मीटर जातो. कॅमेऱ्याचें घड्याळ एक मिनिट चुकलें तर सांधा सात-आठ साखळ्या पलीकडे जाऊन बसेल! म्हणून फेरीच्या आरंभीं यंत्राच्या पडद्यावरील घड्याळाचेंच, सेकंदासह, एक छायाचित्र घ्यावें. फरक मागाहून काढतां येतो. यंत्राच्या नोंदींत जागतिक प्रमाणवेळ असते व आपली तिच्यापुढें साडेपांच तास, हेंही सांगड घालतांना सांगावें लागतें.

पुराव्याविषयीं दोन शब्द. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तेथें छायाचित्र त्या ॲपमधूनच घ्यावयाचें असतें, तेथें हा कॅमेरा उपयोगीं नाहीं. इतरत्रही ही नोंद कोणीही संगणकावर बदलूं शकतो. ती स्वहस्तें लिहिलेल्या टिपणाइतकीच समजावी. मूळ छायाचित्र व वाटेची फाइल दोन्ही जपावीं. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणें पाठविलेल्या छायाचित्रांतून ठिकाण गळून पडतें. पाठवावयाचेंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावें.

पाइपलाइन कांहीं दरवर्षीं गाडली जात नाहीं, व एका घरास असें यंत्र महिनोन्‌महिने नुसतें कपाटांत ठेवावें लागेल. आपल्या मंडळानें एक घेऊन दप्तरीं ठेवावें, नेणाऱ्याचें नांव व तारीख वहींत लिहावी, सेल ज्याचे त्यानें आणावे. उन्हाळ्यांत शेतें मोकळीं होऊन चर खणण्याचीं कामें निघतात. त्यापूर्वींच्या बैठकींत हा विषय घेण्याची विनंति आम्ही चिटणिसांकडे लेखी पाठविली आहे.