उंच इमारती आणि आमची शहरे

शहराची थोरवी त्यातील इमारतींच्या उंचीवरून मोजण्याची चाल हल्ली आमच्याकडेही पडली आहे. यंदा निबंधाच्या तासास 'पंचवीस वर्षांनंतरचे माझे शहर' हा विषय दिला असता बहुतेक मुलांनी लातूर व नांदेड या दोन्ही ठिकाणी चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उभारून टाकले. एकाने तर सत्तर मजले चढविले! त्या मनोऱ्यांस काचेच्या भिंती होत्या, छपरांवर विमाने उतरत होती. मात्र वर पाणी कोठून चढावयाचे आणि खाली भार कोणी सोसावयाचा, याचा विचार एकाही वहीत आढळला नाही. यात मुलांस दोष देण्यात अर्थ नाही. सदनिका पाहावयास गेलेले त्यांचे वडीलही फरशी व लिफ्ट पाहूनच समाधानाने परततात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

गगनचुंबी इमारतीचे माहेर शिकागो. १८७१ सालच्या आगीत त्या शहराचा मध्यभाग जळाला. तो पुन्हा वसविताना सरोवर व नदी यांच्या कोंडीत सापडलेल्या जमिनीचा भाव इतका चढला की, व्यापाऱ्यांस आडवे पसरण्यापेक्षा उभे वाढणे परवडू लागले. माणसांस वर नेणारी लिफ्ट १८५७ पासून न्यूयॉर्कात चालू होतीच. अडचण राहिली ती भिंतीची. विटांची भिंत जितकी उंच न्यावी, तितका तिचा बुंधा जाड करावा लागतो. १८९१ साली शिकागोत पुऱ्या झालेल्या मोनॅडनॉक या सोळा मजली इमारतीच्या भिंती तळाशी सहा फूट जाड आहेत. परंतु त्यापूर्वीच, १८८५ साली, विल्यम ले बॅरन जेनी या वास्तुविशारदाने होम इन्शुरन्स कंपनीच्या दहा मजली इमारतीचा बराचसा भार धातूच्या सांगाड्यावर घेऊन दाखविला होता. त्या युक्तीने भिंत पडद्यापुरती उरली आणि उंचीचे दार उघडले. पुढे न्यूयॉर्कात १९१३ साली वुलवर्थ इमारत ७९२ फुटांवर व १९३१ साली एम्पायर स्टेट इमारत १२५० फुटांवर पोहोचली.

वुलवर्थ इमारतीनंतर चारच वर्षांनी, १९१७ साली, निजामाच्या राज्यातील लातुरात गंजगोलाई उभी राहिली. बार्शीची छोटी रेल्वे १९११ मध्ये येथवर आली होती व बाजारपेठ वाढत होती. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या योजनेत मधोमध दुमजली वर्तुळाकार वास्तू, तिच्यात अंबाबाईचे देऊळ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कोठे सोन्याचांदीची दुकाने, कोठे पादत्राणांची, कोठे मिरची, कोठे गूळ. कोणत्याही दिशेच्या खेड्यातून गाडी निघो, ती वाट न चुकता पेठेत उतरणार. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने आपला धंदा एकावर एक रचला. लातूरच्या आखणीकाराने तो भोवताली मांडला. ज्या गावी जमीन मुबलक, तेथे ही दुसरी रीत अधिक शहाणपणाची होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. नांदेडचेही तेच. गुरू गोविंदसिंग १७०८ साली जेथे निवर्तले, तेथे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविलेले सचखंड दुमजलीच आहे. तरी त्याच्या सोनेरी घुमटासमोर उभे राहून हे मंदिर ठेंगणे आहे, असे म्हणणारा यात्रेकरू आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी व सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि आठ-दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथे एकही गगनचुंबी इमारत नव्हती. होती ती आमची माळवदाची घरे. वस्तुतः जेनीसाहेबाची युक्ती या घरांत पूर्वापार होती: लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा छपराचा भार घेई आणि दगडमातीची भिंत केवळ आडोसा देई. परंतु सांगाडा तिरप्या आधारांनी बांधलेला नसे. भिंतीच्या दोन्ही अंगांस जखडणारे आरपार लांब दगड तीत घातलेले नसत. आणि गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत जात. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, ही समजूत त्या पहाटे कोसळली. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तत्कालीन भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. २००२ साली नकाशा सुधारून किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला. २०२४ च्या मार्चात हिंगोली-नांदेडकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो अनेक पालकांस आठवत असेलच.

किल्लारीचा धडा आम्ही अर्धाच वाचला. माती-दगड वाईट, सिमेंट चांगले, एवढाच बोध घेऊन लोक स्लॅबच्या घरांकडे वळले. परंतु २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत सिमेंटच्याच अनेक बहुमजली इमारती पडल्या. त्यांपैकी पुष्कळांचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता: वर भिंतींनी ताठ झालेले मजले, खाली नुसते खांब. हादरा बसताच सारा ताण त्या खांबांवर आला व ते मोडले. आज लातुरात शिकवणीसाठी परगावची हजारो मुले येऊन राहतात. ती ज्या इमारतींत निजतात त्यांपैकी किती अशाच खांबांवर उभ्या आहेत, हे एखाद्या संध्याकाळी रस्त्याने फिरून पाहावे.

जमीन महाग झाली, आता वर चढण्यावाचून गत्यंतर नाही, असे बिल्डर सांगतात. ते अगदीच खोटे नाही, आणि सांगाडा नीट बांधला तर उंच इमारतही धक्का सोसते. पण 'नीट' या शब्दाची किंमत कोणी मोजावी? खांब व तुळई जेथे मिळतात, तेथे सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ बांधाव्या लागतात व त्यांची टोके आतल्या काँक्रीटकडे वळवावी लागतात. एकदा काँक्रीट पडले की हे काम कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, आणि काटकसर नेमकी अशाच जागी होते. म्हणून अभियंत्याचा सहीनिशी दाखला व मातीची तपासणी पाहिल्यावाचून पालकांनी पैसे देऊ नयेत, आणि नगरपालिकांनी तळमजला मोकळा असलेल्या इमारतींची खास छाननी करावी. गोलाई व सचखंड यांच्या भोवती तर मनोऱ्यांस परवानगीच असू नये, इतके हट्टी आम्ही आहोत. राहिले पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातुरास आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. ते जमिनीवरच पुरविताना केवढी धांदल उडाली! चाळिसाव्या मजल्यावरच्या नळाचे काय झाले असते?

सत्तर मजले चढविणाऱ्या विद्यार्थ्याची वही आम्ही गुण न देता परत केली व समासात एकच प्रश्न लिहिला: 'तळमजल्यावर काय आहे?' दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. उत्तराच्या जागी त्याने स्वतः राहत असलेल्या इमारतीचे चित्र काढले होते. बारा खांब, मध्ये चार मोटारी, आणि भिंत एकही नाही.