विश्लेषण : एक पुस्तक संपले की दुसरे लगेच कशाला?

पुस्तक प्रकाशनाचा कार्यक्रम आटोपतो, सभागृहाबाहेर चहाचे कप हातात येतात आणि कोणी तरी लेखकाला विचारतोच, ‘आता नवीन काय?’ विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण दोन-तीन वर्षे एका कादंबरीत मुरलेल्या माणसाला त्या क्षणी ‘काहीच नाही’ असे म्हणता येत नाही. तो काही तरी पुटपुटतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी नुसते बसून राहिल्याबद्दल त्याला अपराधी वाटू लागते.

ही टोचणी येते कुठून?

एक कारण मराठी साहित्याच्या वार्षिक चक्रात आहे. ‘मनोरंजन’कार का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि मराठी लेखकाच्या वर्षाला एक मुदत चिकटली. पावसाळा सुरू झाला की संपादकांचे फोन येऊ लागतात. एखाद्या दिवाळीला अनुक्रमणिकेत नाव नसले, तर ‘हल्ली लिहीत नाहीत का?’ अशी चौकशी होते. त्यात आता मोबाइलची भर पडली. पुस्तक लिहून भागत नाही, त्याबद्दल रोज काही तरी टाकतही राहावे लागते.

दुसरे कारण म्हणजे सलग लिहिणाऱ्यांच्या कथा. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरी करत पहाटे घड्याळ लावून लिहायचा. ‘डॉक्टर थॉर्न’ संपल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने पुढची कादंबरी सुरू केली. अशा कादंबऱ्या त्याने ४७ लिहिल्या. लेखन कार्यशाळांत त्याचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्रातून ही शिस्त उघड झाली, तेव्हा वाचकांचे मन त्याच्यावरून उतरले, हे तिथे क्वचितच सांगतात.

नाशिकच्या द्राक्षबागेत काय होते?

लेखकाने उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. दिंडोरी-निफाडकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी चक्कर मारली तरी पुरे. द्राक्षाचे घड उतरवले की बागायतदार लगेच कात्री चालवत नाही. साधारण तीन-चार आठवडे तो वेलीला विश्रांती देतो. घड पोसताना वेलीतला अन्नसाठा खर्ची पडलेला असतो, तो भरून निघाला नाही तर पुढची फूट एकसारखी येत नाही. या काळात बाग वाऱ्यावर सोडलेली नसते. बेताचे खत आणि थोडे पाणी चालू असते, फक्त वेलीकडे फळ मागितले जात नाही.

त्यानंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि खरी गंमत पुढेच आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जे घड दिसतात, ते ऑक्टोबरमध्ये तयार झालेले नसतात. त्यांची निर्मिती उन्हाळ्यातच, काडीवरच्या बंद डोळ्यांत होऊन गेलेली असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला तेव्हा नुसती पाने दिसतात. ग्रॅहम वॉलस या ब्रिटिश अभ्यासकाने १९२६ मध्ये सर्जनाचे टप्पे मांडताना ‘उबवण’ हा एक स्वतंत्र टप्पा मानला होता. निफाडच्या शेतकऱ्याला ते पुस्तक न वाचताही कळते.

मराठीत अशी थांबलेली माणसे आहेत?

आहेत, आणि मोठी आहेत. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ ची, ‘बिढार’ १९७५ ची. ‘झूल’ १९७९ मध्ये आली आणि ‘हिंदू’ थेट २०१० मध्ये. तब्बल ३१ वर्षांचे अंतर! मधल्या काळात समीक्षा होती, कविता होती, अध्यापन होते. कादंबरी मात्र नव्हती. खुद्द नाशिकमध्ये वि. वा. शिरवाडकर यांनी १९४२ मधल्या ‘विशाखा’च्या यशानंतर तसाच संग्रह घाईने काढला नाही. ‘समिधा’ १९४७ मध्ये आला, ‘किनारा’ १९५२ मध्ये. दरम्यान ते नाटक-कादंबरीकडे वळले, लोकहितवादी मंडळाच्या उभारणीत रमले. कवितेचे शेत पडीक ठेवून शेजारचे नांगरणे, हीही विश्रांतीच.

मग आळस कशाला म्हणायचे?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. विश्रांतीच्या नावाखाली कागदाला घाबरून वर्षे काढणारेही असतात. पुन्हा बागेकडेच पाहावे. खरड छाटणी फार लांबली, तर घडनिर्मितीच्या दिवसांत पावसाळी ढग येतात, ऊन कमी पडते आणि घड कमी धरतात. म्हणून विश्रांती सुरू करतानाच ती कधी संपणार, हे ठरवलेले बरे. त्या काळात वाचन, भटकंती, माणसांशी गप्पा हे खतपाणी चालू ठेवावे. पानांचा हिशेब मात्र ठेवू नये.

परवडते कोणाला?

खरी अडचण इथे आहे. नेमाडे प्राध्यापक होते, ट्रोलोपला सरकारी पगार होता. आज मालिकांसाठी लिहिणाऱ्याला भागागणिक पैसे मिळतात. भाग नाही तर पैसा नाही. दिवाळी अंकाचे मानधन अनेक ठिकाणी नाममात्र असते. अशा लेखकाला ‘निवांत राहा’ असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा. त्याची टोचणी मनाची कमी आणि घरभाड्याची जास्त असते.

राज्य सरकारचे वाङ्मय पुरस्कार छापून झालेल्या पुस्तकांना मिळतात. साहित्य संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान पहिले पुस्तक छापण्यासाठी असते. दोन्ही योजना चांगल्या आहेत, पण दोन्ही पुस्तकाला पैसे देतात, लेखकाच्या वेळेला नाही. सहा महिने काहीही न मागता लेखकाचा घरखर्च उचलणारी एखादी अभ्यासवृत्ती जिल्ह्या-जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयांनी सुरू करायला हरकत नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचे आहे. तोवर प्रकाशकांनी किमान मानधनाचा काही भाग हस्तलिखित हाती येण्याआधी द्यावा आणि प्रकाशनाच्या दिवशी ‘पुढचे काय?’ हा प्रश्न चहाबरोबर गिळून टाकावा.