वेबसाईटचा चेहरा आपला, दार सर्वांचे

व्यापाराची जागा आता फक्त बाजारपेठेत राहिलेली नाही. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील कापड, फर्निचर, वेल्डिंग, टेलरिंग, किराणा, मसाले अशा धंद्यांत असलेले आपले बंधू-भगिनी हळूहळू मोबाईलच्या पडद्यावरही दुकान मांडू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या पडद्यावरच्या दुकानांकडे बारकाईने पाहिले तर दोन उणिवा ठळकपणे दिसतात. पहिली, बहुतेक वेबसाईटी एकाच तयार साच्यातून निघालेल्या असतात. वरचे नाव झाकले तर हे दुकान कोणाचे, ते सांगता येत नाही. दुसरी, त्या सर्वांना वाचता येत नाहीत. वयस्कर माणूस, कमी दिसणारा माणूस, अंध माणूस, फक्त मराठी किंवा फक्त उर्दू वाचणारी गृहिणी, यांना हे दार अर्धेच उघडे असते.

आमचे म्हणणे असे की या दोन उणिवा वेगळ्या नाहीत. दोन्हींचे मूळ एकच आहे. आपण वेबसाईट विकत घेतो, पण तिचे नियम ठरवत नाही.

नियम म्हणजे काय?

मोठ्या कंपन्या ज्याला डिझाईन सिस्टीम म्हणतात ती काही अगम्य वस्तू नाही. रंग कोणते, अक्षर कोणते, त्याचे लहान-मोठे आकार किती, दोन ओळींत अंतर किती, बटण कसे दिसेल, किंमत कोठे लिहायची, चूक झाली तर ग्राहकाला कसे सांगायचे, हे सारे एकदाच ठरवून लिहून ठेवणे आणि प्रत्येक पानावर तेच पाळणे, एवढाच तिचा अर्थ. पाने बनवताना रंगाला आणि मापाला एक नाव देऊन ठेवले की पुढे एका ठिकाणी बदल केला तरी सर्व पानांवर तो आपोआप होतो. सुताराची मापपट्टी आणि शिंप्याचा कागदी साचा जे काम करतो तेच हे काम.

आपल्या परंपरेला तर ही कल्पना फार जुनी आहे. बगदादमध्ये अब्बासी खलिफांचा वजीर राहिलेला इब्ने मुकला (मृत्यू इ.स. ९४०) याने अरबी अक्षरांना प्रमाण दिले. कलमाच्या टोकाने उमटणारा नुक्ता हे त्याचे माप. अलिफ किती नुक्त्यांची, हे ठरले की तिच्याच उंचीचे वर्तुळ काढायचे आणि बाकीची अक्षरे त्या वर्तुळाशी जुळवायची. कलम जाड असो वा बारीक, प्रमाण बिघडत नाही. म्हणूनच एका उस्तादाने लिहिलेले आणि दुसऱ्या शहरातील शागिर्दाने लिहिलेले एकाच घराण्याचे वाटते. ज्या समाजाने हजार वर्षांपूर्वी असे शास्त्र दिले, त्या समाजाच्या दुकानदाराने परक्याचा साचा मुकाट्याने स्वीकारावा, हे योग्य नाही.

वर्ध्याचे दोन धडे

या बाबतीत खुद्द वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात दोन धडे आहेत.

पहिला धडा काकासाहेब कालेलकरांच्या लिपिसुधारणेचा. छापखान्यात आणि टंकलेखन यंत्रात अक्षरांची संख्या कमी व्हावी म्हणून त्यांनी इ, ई, उ, ऊ यांच्याऐवजी 'अ' लाच मात्रा, वेलांट्या लावून अि, अी, अु, अू असे लिहिण्याचा पुरस्कार केला. १९३६ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची पुस्तके या पद्धतीने छापली गेली. योजना तर्कशुद्ध होती, तिच्यामागे मोठी माणसे होती. तरीही ती टिकली नाही. वाचकाच्या डोळ्यांना जुने 'इ' आणि 'उ' ओळखीचे होते आणि त्याने ते सोडले नाहीत. छापणाऱ्याची सोय झाली, पण वाचणारा अडखळला. आज वेबसाईट करून देणारा जेव्हा शब्द काढून नुसती चित्रे ठेवतो किंवा 'ऑर्डर द्या' हे बटण कोठे तरी दडवतो आणि त्याला नावीन्य म्हणतो, तेव्हा त्याला हा किस्सा सांगावा. ग्राहकाला अडखळवणारे वेगळेपण कामाचे नाही.

दुसरा धडा दोन लिप्यांचा. १९४२ साली गांधीजींनी वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन केली. नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या लोकांनी शिकाव्यात असा तिचा आग्रह होता. त्या काळच्या राजकारणात हा विचार मागे पडला, पण दुकानदाराच्या दृष्टीने तो आजही खरा आहे. आपले गिऱ्हाईक दोन्ही लिप्या वाचते. विदर्भातीलच अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दूला हरकत नाही असा निर्णय दिला. दुसरीकडे, महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर देवनागरीत मराठी नाव हवे आणि ते इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दिलेली मुदत २५ नोव्हेंबर २०२३ रोजी संपली. हे बंधन पाटीचे आहे, वेबसाईटचे नाही. पण आमचे मत असे की तोच नियम वेबसाईटलाही आपणहून लावावा. मराठी ठसठशीत, तिच्यासोबत सन्मानाने उर्दू, आणि गरज असेल तेथे इंग्रजी.

अक्षर निवडताना

देवनागरीला वर मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात मराठी मजकूर भरला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. म्हणून ओळींतील अंतर वाढवावे आणि अक्षरही थोडे मोठे घ्यावे. उर्दूची नस्तालीक तर तिरकी उतरत येते, तिला त्याहून जास्त जागा लागते. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, परंतु त्यातला फोन नंबर डावीकडूनच वाचायचा असतो, हे बनवणाऱ्याला आधीच सांगावे.

पूर्वी या गोष्टी फार अवघड होत्या. नस्तालीक हाताने लिहिणाऱ्या कातिबांशिवाय उर्दू वृत्तपत्र निघत नसे. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक संगणकावर आली, १९९४ पासून इनपेज आले आणि चित्र बदलले. मराठीत र. कृ. जोशी यांनी केलेले 'मंगल' हे अक्षर विंडोजसोबत घरोघर पोचले. आज मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे 'मुक्ता' आणि उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक' ही अक्षरे विनामूल्य मिळतात. तेव्हा आता पैसा नाही ही सबब चालणार नाही. मात्र एक काळजी घ्यावी. छापखान्यातील जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटचा मजकूर वेबसाईटवर चढवू नये. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. त्यामुळे तो शोधल्यावर सापडत नाही आणि यंत्राला वाचूनही दाखवता येत नाही.

आणि दुकानाच्या नावाचे काय? फ्लेक्स आल्यापासून गावोगावच्या पेंटर मंडळींचे काम गेले. त्यांच्या ब्रशने काढलेल्या नावात जी ऐट असे ती कोणत्याही तयार साच्यात नाही. हनीफ कुरेशी (मृत्यू २०२४) यांनी देशभरातील पाटी रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे गोळा करून ती संगणकावर आणण्याचे काम केले. हे आपणही करू शकतो. आपल्या गावातल्या जुन्या पेंटरला योग्य मोबदला देऊन नाव काढून घ्यावे, त्याचा स्वच्छ फोटो घ्यावा आणि तेच नाव पाटीवर, पिशवीवर, बिलावर आणि वेबसाईटच्या माथ्यावर लावावे. नाव पेंटरचे, मजकूर साध्या वाचनीय अक्षरात, ही वाटणी उत्तम.

दार सर्वांसाठी उघडे कसे ठेवावे?

यासाठी जगभर मान्य असलेली मापे आहेत. मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ असे प्रमाण हवे, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालते. पिवळ्यावर काळे अक्षर या कसोटीला सहज उतरते, तर पांढऱ्यावर पिवळे किंवा फिकट करडे उतरत नाही. भर उन्हात मोबाईल पाहणाऱ्या धडधाकट माणसालाही ते दिसत नाही. हे मोजून देणारी साधने इंटरनेटवर फुकट आहेत.

काही पुरुषांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. म्हणून 'माल शिल्लक' हिरव्या ठिपक्याने आणि 'माल संपला' लाल ठिपक्याने न दाखवता शब्दांत लिहावे. बटणे जाड बोटालाही सहज दाबता यावीत एवढी मोठी असावीत. मजकूर मोठा केला तर पान मोडू नये.

अंध माणसे मोबाईलमधील टॉकबॅक किंवा संगणकावरील एनव्हीडीए यांसारख्या वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर काम करतात. पान मराठीत आहे की उर्दूत, हे पानाच्या आतल्या खुणेत नोंदवले तरच ती योग्य आवाजात वाचते. आपली सवय मात्र अशी की सारी माहिती एका रंगीत चित्रात भरायची आणि ते चित्र चढवायचे. त्या चित्रातले एक अक्षरही यंत्राला खात्रीने वाचता येत नाही. दर, पत्ता, वेळ, फोन हे चित्रात नव्हे तर मजकुरात असावे आणि प्रत्येक फोटोला दोन शब्दांचे वर्णन जोडावे. 'फोटो १' असे नको. 'मरून रंगाची सुती ओढणी, रुंद काठ' असे हवे. हे वर्णन अंधाला उपयोगी पडते आणि शोधणाऱ्या प्रत्येकालाही पडते.

हा केवळ उपकाराचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, ती अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना करता येत नव्हती. त्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आपल्यासाठी याहून मोठा आदेश आधीच आलेला आहे. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) हे अंध सहाबी आले आणि त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही, तेव्हा सूरह अबस अवतरली. याच सहाबींना पुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुअज्जिन नेमले. हा प्रसंग आपण मशिदीत ऐकतो. तो दुकानातही लागू आहे.

सचोटी हीसुद्धा रचनाच

मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात वरचे कोरडे आणि आतले ओले आढळले, तेव्हा ओले वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले. वेबसाईटवर ओले धान्य म्हणजे शेवटच्या पानावर उगवणारा जादा आकार, 'फक्त दोन नग शिल्लक' ही खोटी घाई, आणि न सांगता टोपलीत टाकलेली वस्तू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मज्जाव करणारी नियमावली काढली आहे. आपल्या नियमांच्या कागदावर पहिली ओळ हीच असावी: पूर्ण किंमत पहिल्याच पानावर.

खर्चाचा प्रश्न

'आमचा धंदा लहान, आम्हाला हे कशाला?' असे काहीजण विचारतील. मोठ्या कंपन्यांच्या बाजारात आपला माल एका चौकटीत शंभर जणांसोबत उभा राहतो आणि तेथे फक्त दर बोलतो. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे संरक्षण आले, पण पडद्यावरची सर्व पिवळी पाकिटे सारखीच दिसली तर ग्राहकाने अस्सल कशी ओळखावी? मोठ्याशी दराने लढता येत नाही, ओळखीने लढता येते.

शिवाय खर्च वाटून घेता येतो. एका गावातील आठ-दहा दुकानदारांनी मिळून पायाचा ढाचा एकदाच करून घ्यावा. फॉर्म, बटणे, ओळींचे अंतर, दोन्ही लिप्यांची सोय, वाचन यंत्राची व्यवस्था हे सर्वांना समान. रंग, नावाचे अक्षर, फोटो आणि बोलण्याची धाटणी ज्याची त्याची. संगणक शिकलेल्या आपल्या मुलामुलींना यातून गावातच काम मिळेल. ढाचा तयार झाल्यावर पैसे चुकते करण्यापूर्वी तो एका अंध व्यक्तीला, एका साठी ओलांडलेल्या गृहस्थाला आणि फक्त उर्दू वाचणाऱ्या एका भगिनीला वापरायला द्यावा, त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा आणि ते जेथे अडतील तेथे दुरुस्ती करून घ्यावी.

सुरुवात मात्र आजच करता येते. एक कोरा कागद घ्या. त्यावर दोन रंग, दोन अक्षरे, तीन आकार, दुकानाच्या नावाची एक धाटणी आणि किंमत लिहिण्याची एक रीत लिहा. वेबसाईट करून देणाऱ्याच्या हातात साचा निवडण्याच्या आधी हा कागद द्या आणि कामाच्या करारात तो जोडा. अल्लाह आपल्या हलाल कमाईत बरकत देवो.