फाळाचा नट हलेना तेव्हा



जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीकडची (सोलापूरकडची टेंभुर्णी वेगळी) काळी माती ओली असता लोखंडाला चिकटते आणि वाळली की दगड होते. मृगाआधी मोगडा बाहेर काढावा, झिजलेले फाळ उलटे करून लावावेत, तर नेमका नट जागचा हलत नाही. वाफसा काही आपल्या नटासाठी थांबत नाही. मग हाती लागेल तो पाना लावून हिसका दिला जातो. पाना सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात, बोटे सोलतात ती निराळीच.

तेव्हा घाई आदल्या दिवशी करावी. हायड्रॉलिकवर उचललेल्या मोगड्याखाली हात घालू नका. ठोकळे देऊन तो टेकवा, इंजिन बंद करा. आट्यांतली माती तारेच्या ब्रशने काढा, डिझेलचे चार थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके द्या, म्हणजे गंज सुटतो. पाना सहा कोनांचा, गोटीचा घ्यावा. बारा कोनांचा रिंग पाना जुन्या नटाचे कोपरे लवकर खातो. आधी नट किंचित आवळा, मग सोडवा.

कोपरे आधीच गेले असतील, तर समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने सपाट घासा. 19 च्या नटाला मग 17 चा फिक्स पाना घट्ट बसतो. प्रत्येक बाजूने मिलिमीटरभरच घासायचे, जास्त नाही.

नटाबरोबर बोल्टही फिरू लागला, म्हणजे डोक्याखालचा चौकोन झिजला असे समजा. तिथे ताकद वाया घालवू नका. नटाच्या एका बाजूला बोल्टला समांतर हॅक्सॉने आट्यांपर्यंत खाच पाडा आणि खाचेत छिन्नी ठेवून ठोका. नट उकलतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपची उडते.

काही जण दिवा लावून नट तापवतात. मला ते पसंत नाही. डिझेल पेट घेते, शिवाय फाळाचे पाणी उतरते, मग तो नांगरटीत लवकर झिजतो.

नवा नट-बोल्ट आणायला जाताना जुना खिशात न्या. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, आणि पहिले एक-दोन तास चालवल्यावर नट पुन्हा आवळून घ्या.